राईत शिरायची परवानगी

"शनिवारी खेळायला येणाऱ्या ताई आदिवासी आहेत हं," बायको कपडे वाळत घालता घालता सहज म्हणाली, आणि मास्तरांच्या हातातला चिमटा खाली पडला.

मास्तर शाळेतले नव्हेत. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहणारा हा गृहस्थ शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर खेळ चालवतो, म्हणून मास्तर. खेळ म्हणजे काय, तर मास्तरांनी गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि कुणाचा वार बसला, कुणाचा हुकला, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. नऊ वर्षं हे मजेत चाललं होतं. मग एकेक गडी गळाला आणि उरले बायको अन् मेव्हणा. मेव्हण्यानं तर निर्वाणीचं सांगितलं होतं, "भावोजी, या शनिवारी तिसरं माणूस टिकलं तर ठीक, नाहीतर मी चाललो बॅडमिंटनला." म्हणून बायकोनं तिच्या हॉस्पिटलातल्या एक्सरेवाल्या ताईंना पटवलं होतं.

"मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" बायकोनं विचारलं.

"अगं, तिसऱ्या प्रकरणात माझा जंगलातला पुजारी आहे! गळ्यात कवट्या घालून भुतं सोडतो!"

"अगं बाई! हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मीच लिहिलंय!"

त्या दिवसापासून मास्तरांना अन्न गोड लागेना. त्यांनी आधी कवट्या खोडल्या. मग भुतं खोडली. ढोल ठेवावा की नको यात अख्खा शुक्रवार गेला, शेवटी ढोलही गेला. मग पुजाऱ्याच्या जमातीचं नाव गेलं, त्याचा राग गेला, हसू गेलं, मिश्या गेल्या. वर, आदर कमी पडायला नको म्हणून त्यांनी एक नियम घातला: पुजाऱ्याच्या देवराईत काहीही करण्याआधी परवानगी मागायची, आणि फाशावर अठराच्या वर पडलं तरच ती मिळायची. आता माणूस आदरापोटी असा नियम करतो, त्याला काय म्हणावं?

शनिवारी ताई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. त्यांनी कुऱ्हाडवाला बुटका योद्धा निवडला आणि बाह्या सरसावून बसल्या.

"तुम्ही राईच्या कडेला पोचलात," मास्तर घाम पुसत म्हणाले. "समोर काही माणसं आहेत."

"कशी आहेत?" ताईंनी विचारलं.

"चांगली आहेत."

"हो, पण दिसतात कशी?"

"आदरणीय."

मेव्हण्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं छताकडे पाहिलं.

"मी पुढे जातो," मेव्हणा म्हणाला.

"परवानगी माग."

पडले सहा. परत मागितली, अकरा पडले. बायकोला तीन. मग परवानगी मागण्याची परवानगी लागते का, यावर बहीणभावांची जुंपली. पाऊण तास झाला, एकाचंही पाऊल पुढे पडेना. "मला शिंक आलीय, त्याला फासा टाकायचा का?" असं मेव्हण्यानं विचारलं, आणि मास्तरांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

"एक मिनिट," ताईंनी कुऱ्हाडवाल्याची माहिती लिहिलेलं पान खाली ठेवलं. "माझं डोकं गरगरायला लागलंय. ही माणसं बोलत नाहीत, चिडत नाहीत, हसत नाहीत. आजारी आहेत का?"

"नाही नाही! तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." आणि मास्तरांनी कवट्यांपासून मिश्यांपर्यंत सगळं भडाभडा ओकून टाकलं.

ताई ऐकत राहिल्या. त्या चिडल्या होत्या, हे उघड दिसत होतं. "कवट्या काढल्यात ते बरं केलंत. पण माणसंही काढून टाकलीत! दोन दिवस घाम गाळलात, त्यापेक्षा एक फोन करून मला विचारायचं ना?"

मास्तर शरमले, पण लगेच त्यांनी कोरं पान उघडलं. "आता सांगा. तुमच्याकडे पुजारी काय करतात? मंत्र कुठले? आत काय असतं?"

"ते नाही सांगणार."

"अं?"

"माझ्या आजोबांनी जपलेलं आहे ते, फाशावर टाकायला नाही. राग, रुसवे, मिश्या हवं तेवढं लिहा. राईच्या आत काय आहे ते लिहू नका."

"पण खेळ चालवणाऱ्याला सगळं ठाऊक लागतं!"

"नसू दे एखादी गोष्ट ठाऊक. माझा योद्धा आता या राईचा राखणदार. हं, कोण येतंय पुढे?"

पुढचे दोन तास घरात नुसता कल्ला. खेळातल्या झाडावरून मेव्हण्यानं उडी मारली, ताईंनी त्याला पायाला धरून परत पाठवलं. बायकोनं लाडीगोडी लावली, तिला बसवून घेऊन ताईंनी गावातल्या भांडणांच्या अशा बातम्या सांगितल्या की ती कशाला आली होती तेच विसरली. मास्तरांना राहवेना. आपण रचलेल्या जंगलात आपल्यालाच जागा नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी फासा उचलला.

"फासा ठेवा खाली. तोंडानं विचारा."

"मी... मी आत येऊ का?"

"नाही."

"मग आता मी काय करू?"

"पुढच्या शनिवारी परत विचारा," ताई चपला शोधत म्हणाल्या.

नकार मिळून इतका खूश झालेला माणूस मेव्हण्यानं आजवर पाहिला नव्हता.