ठकीच्या गालातल्या चारोळ्या

मांडी घालून बसा, बाळांनो. एक जंगल होतं. इतर गोष्टींतल्यासारखंच होतं, कारण मला दुसरं जंगल सुचत नाही.

तिथे दर उन्हाळ्यात वणवा लागे. म्हणून केसूअण्णा अस्वलांनी ठरवलं, प्रत्येक झाडाच्या बिया कड्यावरच्या गुहेत जपून ठेवायच्या. काम मिळालं ठकी माकडिणीला. ती एक बी गालात धरून कडा चढायची, उतरायची, की पुन्हा एक बी. बिचारीला धाप लागली.

"अगं, देवाने गाल कशाला दिलेत?" अण्णा म्हणाले. "गुहेतले कोनाडे दोन गालांच्या मापाचे खोदलेत. दोन्ही गाल गच्च भरले, की मगच चढायचं."

युक्ती छान होती. खेपा कमी झाल्या, गुहा भरत आली.

शेवटी चाराचं, म्हणजे चारोळीचं, एकुलतं एक झाड उरलं. त्यावर झुबकी शेकरू राहायची. तिने होत्या नव्हत्या त्या चारोळ्या ठकीला दिल्या. एक गाल भरला, तोही अर्धाच. ठकी आणखी बियांची वाट बघत बसली.

"जा ना गं आता," झुबकी म्हणाली.

"अं हं," ठकी म्हणाली. भरल्या तोंडाने एवढंच बोलता येतं.

झुबकी अण्णांकडे धावली. "अण्णा, उरलेल्या जागी खडे भरा हवं तर, पण माझ्या बिया वर जाऊ द्या!"

"गुहेत खडे? लोक हसतील."

तेवढ्यात धूर आला. सगळे नदीकडे पळाले. ठकीने पलीकडे उडी मारली आणि भीतीने आवंढा गिळला. गाल रिकामे झाले.

पलीकडून झाड जळताना दिसत होतं. झुबकी खूप रडली. ठकी तिच्या शेजारी बसली. तिने शेपटीने झुबकीचे डोळे पुसले.

आग विझल्यावर सगळे गुहेत गेले. कडा तव्यासारखा तापला होता. बिया खरपूस भाजल्या होत्या. वास मात्र छान येत होता.

पावसाळा सरता सरता नदीकाठी, ठकी सकाळी जिथे आडोशाला बसायची तिथे, चाराची रोपं वर आली. झुबकीने एकेक रोप हुंगलं आणि ठकीच्या गळ्यात पडली.

अण्णांनी लगेच सभा घेतली. "हे सगळं आपल्या नियोजनातच होतं," ते म्हणाले. "आता नवा नियम. पोट गच्च भरल्याशिवाय कुणीही आडोशाला जायचं नाही!"

तात्पर्य: जपून ठेवलेलं भाजून निघतं आणि चुकून गिळलेलं उगवतं. ही गोष्ट मीही पान भरेल एवढी होईपर्यंत गालात धरून बसलो होतो. शेवटी ती कुठून बाहेर आली, ते विचारू नका.