माझ्या हातांचा क्लोज-अप

मुलांच्या गृहपाठात नाक खुपसायचं नाही, हा नियम मी मार्चपासून काटेकोरपणे पाळतो आहे. फेब्रुवारीत पाळत नव्हतो.

आमच्या टॅमसिनला कॉलेजात 'मीडिया' नावाचा विषय आहे. (आमच्या वेळी बार्न्सलीत विषय दोनच होते, धातुकाम आणि फुटबॉल.) एखाद्या रॉक बँडचा व्हिडिओ घ्यायचा आणि कॅमेरा कुठे होता, कोणावर होता, का होता, हे सिद्धांतांच्या आधारे लिहायचं, असा तिचा गृहपाठ होता. कुठला बँड घ्यावा हे न सुचून ती डोकं धरून बसली होती. मी मुकाट्याने चहा करायला निघून जायचं, तर म्हणालो, "अगं, आमचाच घे की!"

"तुमचा कुठला?"

"गंजकी कबुतरं!"

'गंजकी कबुतरं' हा आमचा बँड. त्यात मी बास गिटार वाजवायचो. आमचं एकच गाणं रेकॉर्ड झालं, त्याचा एकच व्हिडिओ निघाला, तोही बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत, आणि तो टीव्हीवर एकदाच लागला, शनिवारी सकाळी कार्टूनच्या आधी. पण त्या एकदाच लागण्यावर आमचा संसार उभा आहे. त्यात बास गिटारच्या तारांवर फिरणाऱ्या दोन हातांचा एक क्लोज-अप आहे. तो बघून ग्लेनिस, म्हणजे आताच्या सौ. पिकल्स, आपल्या भावाला म्हणाली होती, "हे हात ज्याचे असतील, त्याच्याशीच मी लग्न करणार." भाऊ म्हणजे लेस्टर. तो आमच्या बँडची व्हॅन चालवायचा. त्याने माझं नाव सांगितलं आणि पुढचं सगळं झालं.

त्या क्लोज-अपमधली नुसती बोटं मोठी करून, चौकटीत घालून, ग्लेनिसने शेकोटीच्या वर भिंतीवर टांगली आहेत. आलेल्या प्रत्येकाला ती दाखवते. पाहुणा आधी चौकटीकडे बघतो, मग माझ्या हातांकडे बघतो आणि म्हणतो, "चालायचंच, वय होतं सगळ्यांचं." त्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. तेच हात छापलेला केक तिने बेकरीत सांगून ठेवला होता.

तर मी टॅमसिनचं पुस्तक वाचायला घेतलं. रोजची डायरी लिहून झाली की त्यातला एक धडा, समास आखून. कॅमेरा खालून वर बघतो तेव्हा माणूस जबरदस्त दिसतो आणि वरून खाली बघतो तेव्हा केविलवाणा. (ग्लेनिस नेहमी जिन्यावर उभी राहून माझ्याशी का बोलते, ते मला आत्ता समजलं.) कंपनीला ज्याला विकायचं असतं त्याचेच क्लोज-अप घेतात, असाही एक सिद्धांत होता.

"म्हणजे कंपनीला मला विकायचं होतं!" मी म्हणालो.

"घेतलं कोणी?" टॅमसिन म्हणाली.

"तुझ्या आईने."

"मग परत करायची मुदत संपली."

रविवारी लेस्टर जेवायला होता. आमच्या ड्रमरने तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता, तो आम्ही नव्या मोठ्या टीव्हीवर लावला. टॅमसिन रिमोट घेऊन एकेक शॉट थांबवत होती.

"गायक, क्लोज-अप. परत गायक. ड्रमरचा कुत्रा, क्लोज-अप. बाबा, तू कुठे आहेस?"

"तो काय, डावीकडे."

"तो धूर आहे."

"धुराच्या मागे."

(धुराच्या यंत्राचं बटण माझ्या पायाखाली होतं. जबाबदार माणूस हवा म्हणून दिग्दर्शकाने माझी निवड केली होती. मी अगदी मन लावून काम केलं.)

"दाजी, कुत्र्याचे दोन आहेत हं," बटाटा कापता कापता लेस्टर म्हणाला.

तेवढ्यात ते हात आले. ग्लेनिसने रश्श्याचं भांडं खाली ठेवलं आणि नेहमीप्रमाणे डोळे पुसले. टॅमसिनने चित्र थांबवलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"गिटारच्या चकचकीत पट्टीत कोणाचा तरी चेहरा दिसतोय. उलटा."

"माझाच असणार," मी म्हणालो.

"तुला मिशी होती?"

"कधीच नाही."

"आणि कानात बाळी?"

त्या खोलीत मिशी आणि बाळी असलेला एकच इसम होता. त्याने बटाटा तोंडात टाकला.

"हां, ते होय!" लेस्टर म्हणाला. "दाजींचे हात घेतले होते ना, ती फिल्म खराब झाली. दुसऱ्या दिवशी दाजी गालगुंडाने आडवे. मी गिटार आणायला गेलो, तर डायरेक्टर म्हणाला, यांचं जॅकेट घाल, बस आणि बोटं हलव."

"पण तुला वाजवता कुठे येतं?" ग्लेनिसने विचारलं.

"म्हणून तर म्हणाला, हळू हलव."

"त्या हळूवरच तर मी भाळले होते!" ग्लेनिस किंचाळली. "तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? तू म्हणालीस, हे हात ज्याचे त्याच्याशी लग्न करणार. मी सख्खा भाऊ तुझा!"

ग्लेनिसने चौकट उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

"आणि केकवर काय? माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या भावाचे हात?"

"सिद्धांत असा आहे," मी म्हणालो, "की चित्राला स्वतःचा अर्थ नसतो, प्रेक्षक तो देतो."

"प्रेक्षक आत्ता तुला काय काय देईल, सांगू?"

मी चहा करायला गेलो.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त टॅमसिनमार्फत बोलली. मी हात खिशात ठेवून घरात वावरत होतो. बुधवारी टॅमसिन ओरडली, "आई, बाबा सापडला!"

गायकाच्या कानामागे, खूप लांब, गिरणीच्या फाटकाशी एक धूसर पोरगा उभा होता. एका हातात चिप्सचं मोठं पुडकं, आणि दुसऱ्या हाताने तो ड्रमरच्या कुत्र्याला चिप भरवत होता. जॅकेटची बटणं एक घर चुकवून लावलेली.

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. आत्ताही माझ्या शर्टाची बटणं एक घर चुकलेलीच होती. तिने ती काढली आणि नीट लावली.

"हा आहे माझा नवरा," ती म्हणाली. "बेकरीला हा फोटो पाठवा."

शनिवारी सगळे जमल्यावर तिने खोक्याचं झाकण उघडलं. गायकाचा कान उत्तम आला होता. गिरणीची भिंत वीट न् वीट दिसत होती. फाटकाशी चिप्सचं पुडकं हवेत तरंगत होतं आणि कुत्रा मोठ्या श्रद्धेने त्याच्याकडे बघत होता. बाकी कोणी नव्हतं. सोबत बेकरीवाल्या बाईंची चिठ्ठी होती: 'फोटोत मागे एक धूसर डाग पडला होता, तो काढून टाकला आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत.'

ग्लेनिस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने सुरी उचलली आणि मी हात पुढे केला.

"तू राहू दे," ती म्हणाली आणि सुरी लेस्टरला दिली. "हळू काप रे."

त्याचे हात अजूनही सुरेख आहेत.