मार्थाच्या मनगटाचा आठ दिवसांचा अहवाल

कारण सापडलं नाही, असं माझ्या आयुष्यात आजवर एकदाही झालेलं नाही! साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं केमिस्ट होतो मी. रसात पाणी कुठून शिरलं, साखर पिवळी का पडली, हे इंजिनिअर लोकांना आठ-आठ दिवस कळायचं नाही. मग बोलवा कुणाला? स्टीफन केमिस्टला! माझी पद्धत साधी. एकेक गोष्ट बंद करत जायची. जी बंद केल्यावर गडबड थांबली, ती गुन्हेगार. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी श्रीरामपुरात अजून लोक मला केमिस्टसाहेब म्हणतात. घरात मात्र मला 'अहो' म्हणतात, आणि तेही बहुतेक दळण आणायला पाठवताना.

तर झालं असं, की आमच्या मार्थाचा मोतीबिंदू पिकला. आणि आमच्या नातीचं, आराधनाचं लग्न ठरलं. चर्चमध्ये लग्नाच्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ कुणी वाचायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा आराधना फोनवर म्हणाली, "आजी, तूच वाचायचंस. मला अक्षरओळख तूच करून दिलीस." झालं! मार्था दोन दिवस नुसती डोळे पुसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं, तर एक अक्षर दिसेना.

"पाठ करून म्हण की," मी सुचवलं.

"वाचायचं म्हणजे वाचायचं! पाठ म्हणायला मी पोपट आहे का?"

म्हणून मंगळवारी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टर निवेदिता मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी बी.पी. मोजलं. एकशे अठ्ठावन्न!

"दवाखान्यात काहींचं उगाच वाढतं," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस घरी मोजा, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या बुधवारी मला दाखवा. दीडशेच्या आत असेल तर गुरुवारी ऑपरेशन करून टाकू. नंतर मात्र मी महिनाभर बाहेरगावी आहे."

महिनाभर! आणि लग्न चोवीस दिवसांवर! म्हणजे हा गुरुवार हुकला की आराधनाच्या लग्नात मार्था नुसती ऐकायला बसणार.  परत येताना रिक्षात ती माझा हात घट्ट धरून बसली.

मी म्हटलं, "घाबरू नकोस. कारण शोधणं हे माझं काम!"

पुण्याहून आमच्या मुलानं, नोहानं मनगटाला बांधायचं बी.पी.चं मशीन पाठवलेलंच होतं. काय सुंदर वस्तू हो! काडेपेटीपेक्षा जरा मोठी. पट्टा बांधला, बटण दाबलं, की घुर्रर्र करत फुगते, मनगट आवळते, हळूच सैल सोडते आणि तीन आकडे दाखवते. वरचा, खालचा आणि नाडीचा. माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं. बोलू नये. हलू नये. पाय जमिनीवर टेकलेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मनगट हृदयाच्या उंचीवर हवं.

आता हृदयाची उंची अंदाजानं कशी धरणार? मी टेप आणली.

"अहो, हे काय?"

"सरळ बस. तुझं हृदय जमिनीपासून किती उंच आहे ते बघतोय."

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि आज विचारताय?"

शहाऐंशी सेंटिमीटर भरलं. स्टुलावर तांदळाचा डबा, त्यावर एक उशी, उशीवर मार्थाचं मनगट. समोर खुर्ची टाकून मी. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात पेन, मांडीवर नवं रजिस्टर. बुधवारी सकाळी सातला पहिला नमुना घेतला. एकशे साठ!

लॅबमध्ये एका नमुन्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लगेच दुसरा घेतला. एकशे पासष्ट. तिसरा, एकशे एकाहत्तर!

"हलली असशील."

"नाही हो."

"बोललीस! चौथा घ्यावा लागणार!"

तेवढ्यात शेजारच्या गोजरबाई कोथिंबीर द्यायला आल्या, आणि दारातच थबकल्या. मशीनकडे वाकून बघत म्हणाल्या, "नवं घड्याळ व्हय? पर एकशे एकाहत्तर वाजलंत कसं?"

मी त्यांना बी.पी. म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी लगेच हात पुढं केला. "मग माझं बी बगा की!" एकशे बावीस! माझं मोजलं, एकशे अठरा! म्हणजे मशीन ठणठणीत. गडबड मार्थातच होती. आता कुतूहल मला गप्प बसू देईना. इतकी साधी बाई, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, हिच्यात असं काय शिरलंय?

गुरुवारी मी मीठ बंद केलं. अळणी पिठलं आणि अळणी भाकरी. मार्थानं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे जे बघितलं, ते मी रजिस्टरात लिहिलं नाही. संध्याकाळी एकशे अडुसष्ट. म्हणजे मीठ निर्दोष!

शुक्रवारी चहा बंद. एकशे बाहत्तर. चहाही निर्दोष!

"मग आता तरी चहा देता का?" मार्थानं विचारलं.

"अजून दोन दिवस निरीक्षण करू."

"अहो, नुसतं मोजण्यापेक्षा मला एक गोळी आणून द्या ना!"

"कारण कळल्याशिवाय गोळी? मार्था, आपण काय अडाणी आहोत?"

शनिवारी माझा संशय फोनवर गेला. मार्थाची धाकटी बहीण एंजेला रोज दुपारी चारला कोपरगावहून फोन करते, आणि दोघी अर्धा तास बोलतात. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या सुनेनं काय केलं. अशा बातम्यांनी बी.पी. वाढणार नाही तर काय! चारला फोन वाजला, तो मी उचलला.

"एंजेला, मार्थाला बोलता येणार नाही. ती निरीक्षणाखाली आहे."

"अगं बाई! कधीपासून?"

"बुधवारपासून. मशीन लावलंय."

"मशीन लावलंय?"

"हो. मीठ बंद, चहा बंद. आजपासून बोलणंही बंद."

"भावजी, बोलणं बंद झालं?"

"सकाळी थोडं बोलली. पण मीच म्हटलं, आता नको."

पलीकडून हुंदका आला आणि फोन कट झाला. बहिणीचा जीव, दुसरं काय, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी सहाला घरासमोर टेम्पो थांबला. आतून एंजेला, तिचा नवरा, दोन्ही सुना, चर्चच्या महिला मंडळाच्या सात बायका, दीड डझन शहाळी आणि एक हार्मोनियम उतरली. एंजेला रडतच फाटकातून आत शिरली, "ताई गं, तुला शेवटचं बघायला…" आणि दार उघडलं ते हातात केरसुणी घेतलेल्या मार्थानं!

एंजेलानं अशी किंकाळी फोडली, की गोजरबाईंच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.

सगळा उलगडा व्हायला पाऊण तास लागला. महिला मंडळ माझ्याकडे फार वाईट नजरेनं बघत होतं. पण आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं? मार्थानं मला दूध आणि फरसाण आणायला पिटाळलं. दुकानात गर्दी होती, त्यामुळं परतायला अर्धा तास गेला. येतो तर काय, माझं मशीन मार्थाच्या मनगटावर, आणि बटण दाबायला गोजरबाई!

"केमिस्टसायेब, वैनीचं लई झ्याक आलंय बगा! एकशे चोवीस!"

"काय?"

मी मार्थाकडे बघितलं. बाईसाहेब दिवाणावर पाय वर घेऊन बसलेल्या, एका हातात चहा, मनगट मांडीवर, एंजेलाच्या सुनेचा काहीतरी किस्सा ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. एकही नियम पाळलेला नाही!

"हा नमुना रद्द!" मी जाहीर केलं.

"का वो?"

"बोलत होती, हसत होती, चहा पीत होती! शिवाय मनगट खाली!"

रजिस्टरात मी त्या आकड्यावर काट मारली. पण तुम्हाला खरं सांगतो, मनात खुटखुट राहिली. मनगट हृदयाच्या खाली असलं की आकडा वाढतो, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. मग कमी कसा आला? पाहुणे गेल्यावर मी डबा, उशी, घड्याळ सगळं नीट मांडून मार्थाला पुन्हा बसवलं. एकशे चौऱ्याहत्तर! म्हटलं, बघा, गोजरबाईंचंच चुकलं होतं.

रविवारी टीव्ही बंद केला. सोमवारी लोणचं. मंगळवारी मार्थाच बंद पडायची बाकी होती. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. आराधनाला कळवून टाका, दुसरं कुणीतरी वाचेल." तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.  त्या रात्री मी रजिस्टर चारदा वाचलं. सगळं बंद करून झालं होतं. बंद करायला घरात आता उरलंच काय होतं?

बुधवारी आम्ही दवाखान्यात गेलो. मी रजिस्टर, आलेख आणि मशीन मॅडमच्या टेबलावर मांडलं. मॅडमनी स्वतः मार्थाचं बी.पी. घ्यायला सुरुवात केली.

"मॅडम, पाच मिनिटं शांत बसवलं का? मार्था, पाय टेकव. बोलू नकोस. मॅडम, मनगट… नाही, तुमचं दंडाचं आहे, ठीक आहे. मार्था, श्वास!"

एकशे सत्तर. मार्थानं डोळे मिटून घेतले.

मॅडमनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, जरा बाहेर बसता?"

दहा मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. "एकशे सव्वीस."

"शक्यच नाही! तुमचं मशीन बिघडलंय. आमच्या मनगटाच्या मशीनवर बघा!"

बघितलं. एकशे चौसष्ट.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"काका, पुन्हा बाहेर."

एकशे चोवीस! मी आत आलो, एकशे सहासष्ट. बाहेर गेलो, एकशे सव्वीस. मला राहवेना. हा काय प्रकार आहे? मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट. मी आता आत येत नाही, नुसता दारातून डोकावतो. त्यावर घ्या!"

एकशे शेहेचाळीस!

"अंतरावर अवलंबून आहे!" मी ओरडलोच. चौतीस वर्षांत इतका स्वच्छ प्रयोग माझ्या हाती लागला नव्हता! मी रजिस्टर ओढलं आणि भराभर लिहायला लागलो. स्टीफन आत, एकशे सहासष्ट. स्टीफन दारात, एकशे शेहेचाळीस. स्टीफन बाहेर…

आणि मग पेन थांबलं. नर्स तोंडाला रुमाल लावून हसत होती.

"मार्था," मी विचारलं, "माझी इतकी भीती वाटते तुला?"

"तुमची कसली भीती?" ती म्हणाली. "आकडा यायच्या आधी तुमचा चेहरा दिसतो मला. डोळ्याला एवढं एकच स्पष्ट दिसतं हल्ली, इतक्या जवळ येऊन बसता! आणि तुम्ही इतके घाबरलेले असता, की मला वाटतं, आता काही खरं नाही."

मी पेनाला टोपण लावलं.  घाबरलेला होतोच मी.

गुरुवारी ऑपरेशन झालं. मॅडमच्या सांगण्यावरून मी दवाखान्याच्या आवाराबाहेर, रसवंतीवर बसलो होतो. तीन ग्लास रस प्यालो, पण त्याची गोडी किती हे एकदाही मनात आलं नाही. नर्सनं बाहेर येऊन हात हलवला, तेव्हा मी रसवाल्याला मिठीच मारली.

लग्नाचा दिवस आला. मार्था म्हणाली, "आज पहिल्या बाकावर बसा. काही होत नाही." बसलो. शास्त्रपाठाची वेळ झाली. नवा चष्मा लावून मार्था पुढं गेली, पुस्तक उघडलं आणि समोर बघितलं. मी आपला पुढं वाकून, श्वास रोखून तिच्याकडे बघतोय! तिचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. आराधनाचा घुंगट हलला. मार्थाला सुरुवात करता येईना.

मी उठलो. पाहुण्यांचे गुडघे ओलांडत, 'सॉरी, सॉरी' म्हणत, मधल्या वाटेनं सरळ बाहेर पडलो. मागच्या बाजूला पुंजाराम आचारी मोठ्या पातेल्यात मटण हलवत होता. तिथंच, लाऊडस्पीकरखाली उभा राहिलो.

आणि आवाज आला. खणखणीत! एक शब्द अडखळला नाही, एक ओळ चुकली नाही. मला रडू आवरेना. पुंजारामनं झारा बाजूला ठेवला.

"सायेब, तुमी नवरीचं आजोबा ना? मग आत बसायचं सोडून हितं धुरात का हुभं? बी.पी. हाय का तुमाला?"

"नाही हो," मी डोळे पुसत म्हणालो, "मीच बी.पी. आहे."