शिरपाआबाचं ओलं पोतं

आमच्या शिरपाआबाला कुठलंही यंत्र तापलेलं बघवत नसे. विहिरीवरची मोटर तापली की टाक ओलं पोतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तापला, टाक ओलं पोतं. माझा रेडिओ तासभर वाजला तरी हात लावून बघायचा, "दम खाऊ दे की रं त्याला!" म्हणायचा आणि बंदच करून टाकायचा. मी दुसरी पास आहे, तो शाळेची पायरीही चढलेला नाही. पण ऐट माझ्या दुप्पट. चूक कबूल करणं तर त्याच्या रक्तातच नाही.

साक्षरता मोहिमेचा जोर होता तेव्हाची गोष्ट. आमच्या सणसर गावात वाचनालयाच्या छतावर उन्हावर चालणारा दिवा बसवला. वर काळी काच, खाली बॅटरी. संध्याकाळी वीज गेली तरी प्रौढांचा वर्ग चालावा, लोकांनीही बघून असे दिवे लावावेत, म्हणून. आबाची बायको बायजा पहिल्या रांगेत. आबा मात्र हसला, "उद्या चांदण्यावर गिरण चालवा!"

चैत्रात दिवा मंदावला, मग लागेचना. चार दिवस वर्ग बंद. तालुक्याचे साहेब आले, तारा तपासल्या आणि म्हणाले, "इथं हे चालत नाही. काढून पणदरे गावाला देतो."

बायजानं पाटी पदराखाली घेतली.

तेवढ्यात मागून आबा बोलला, "दिवा बरा हाय, सायेब. दुपारी काच तव्यावानी तापती. फुटंल म्हणून मीच ओलं पोतं टाकत हुतो. दिवस कलला की काढून घ्यायचो."

"अहो आजोबा, ती उन्हावरच चालते!"

"मोटर तापली की जळती. हिचंच काय येगळं?"

अख्खं वाचनालय हसलं. आबानं मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा पाहिली मी ती खाली गेलेली. पण दारातून वळून म्हणालाच, "आता फुटली तर मला सांगू नका!"

काच गावातच राहिली. दोन दिवसांनी दिवा लागला. त्या संध्याकाळी आबा मला वाचनालयाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसलेला दिसला.

"आत चल की, आबा."

"मला काय शिकायचंय? हितं भिंत गार लागती."

पश्चिमेची भिंत, दुपारभर उन्हात भाजलेली! पण मीही शेजारी टेकलो.

आत बायजा पाटीवरचं वाचत होती. "घ... घ..." अडली.

आबाचे ओठ हलले. अगदी हळू म्हणाला, "घर."

"घर," आतून बायजा म्हणाली.

पाठ भाजत होती. उठलो मात्र दोघंही नाही.