चपला वाचणारे सर

आमच्या कर्जतच्या कॉलेजात जिमखान्याला नाव नोंदवायला गेलं की मोकलसर आधी चप्पल मागायचे. आपण एका पायावर उभं राहायचं. ते चप्पल उलटी करून तळ बघायचे, अंगठ्याने टाच दाबायचे आणि निकाल द्यायचे. "खोपोली. दारात रिक्षा येते." "कळंब. टमटमला मागं लटकतोस." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा चुकलं, तेव्हा त्या मुलाने भावाची चप्पल घातलेली निघाली. सर आठवडाभर खुशीत होते.

"तोंड कसंबी करता येतं," ते म्हणायचे. "तळ नाय बदलत."

सर डोंगराच्या पायथ्याच्या गावातले, शेतकऱ्याघरचे. बायको गेल्यापासून भिवपुरीला एकटे राहायचे. इस्त्रीची ट्रॅक पँट, बगलेत मस्टर. खोटी हजेरी त्यांनी कधी मांडली नव्हती, प्राचार्यांच्या पुतण्याचीही नाही. तापाने पडलेल्या एका मुलाला घरी जाऊन बघून आले, मोसंबी देऊन आले आणि मस्टरवर गैरहजर लावलं. "पडला होतास ना? मग हजर कसा?"

मी तिसऱ्या वर्षाला असताना विद्यार्थ्यांच्या व्यायामाची पाहणी करायचा हुकूम आला. सरांनी फॉर्म वाटले, मोजायला मला बसवलं. 'रोज करतो' या गठ्ठ्यात बहुतेक नोकरदारांची मुलं, जिमवाली, सायकलवाली. 'करत नाही' या गठ्ठ्यात डोंगरातल्या वाड्यांवरची. मी सरांना ते दाखवलं. चपला वाचणाऱ्या माणसाने या वेळी मात्र कागद वाचला. दुसऱ्या गठ्ठ्याची यादी फळ्यावर लागली: रोज सकाळी सातला मैदानावर यायचं, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी हिरा शिंगवा आली. तिची वाडी डांबरी रस्त्यापासून सव्वा तास वर.

"सर, सातला यायचं तर अंधारात निघावं लागंल. वाटेत रान हाय, आई नाय सोडत. परीक्षा बुडाली की घरी बसवतील, लगीन लावतील."

"रोज एवढं चढतेस-उतरतेस. मग 'नाही' कशाला लिहिलंस गं?"

"ते येणं-जाणं, सर. व्यायाम म्हंजे काम नसलं की करतात तो ना?"

ज्या घामावर पोट चालतं त्याला व्यायाम म्हणायची रीत नाही, हे तिला फॉर्मच्या आधीपासून ठाऊक होतं.

"चढ स्वतः बघितल्याशिवाय सूट द्यायची सही नाय," सर शेवटी म्हणाले.

शनिवारी दुपारी सर आणि मी तिच्यामागून निघालो. हिराच्या डोक्यावर रेशनच्या तांदळाचं पोतं. सर चार वेळा बुटाची नाडी बांधायला बसले. ती ओझं तसंच घेऊन थांबायची, कारण खाली ठेवलं की परत चढवायला दुसरा माणूस लागतो.

"ठेव खाली. मी देतो उचलून."

"आधी तुमी तर उठा, सर."

सोमवारी सर प्राचार्यांकडे गेले. फॉर्ममध्ये चालण्याला जागा नव्हती आणि प्राचार्य आता यादी बदलणार नव्हते. सर म्हणाले, "हिराच्या वाडीच्या सात मुलींचा वर्ग मी पायथ्याशी घेतो. उतरून आल्या की वर्ग झाला." रोज जाणार असाल तर घ्या, असं प्राचार्य म्हणाले. जाणार नाहीत, अशी त्यांची खात्री असावी.

सर रोज गेले. साडेआठला पाऊलवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथल्या मोरीच्या कठड्यावर बसायचे. मुली वरूनच हाका मारायच्या, "सर, आज चढता का?" खाली आल्या की सर एकेकीचं नाव घ्यायचे, हजेरी मांडायचे, मग टमटम थांबवून द्यायचे. एकदा हिरा आली नाही. तिच्यापुढे गैरहजर लागलं. सातही जणी परीक्षेला बसल्या.

मे महिन्यात, कॉलेज बंद असताना, मी सकाळी त्या रस्त्याने गाडीवरून चाललो होतो. सर मोरीवर बसले होते. मस्टर नव्हतं.

"सर, सुट्टी लागली की."

"ठाऊक हाय."

"मग?"

"पोरी या टायमाला कामाला उतरतात. वरनं हाक मारतात." त्यांनी वाटेकडे बघितलं. "घरी कोण मारतंय रं."

मी गाडी बंद केली. वर झाडीत अजून कोणी दिसत नव्हतं.