‘चुकलं’ म्हणेपर्यंत

आमच्या कुंभेरीत कुत्र्याची दोरी कुणाच्या पायात अडकली, की ज्याच्या हातात दोरी आहे तो त्याच जागी येऊन “माझं चुकलं” म्हणेपर्यंत ती सुटत नाही. कापायला गेलात तर कापली जात नाही, जाळायला गेलात तर जळत नाही. धरणाऱ्याचा हातही तिच्यातून सुटत नाही. बाहेरगावचे लोक ऐकून हसतात. हसू देत. त्यांच्या गावातल्या दोऱ्या कशा वागतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

एरवी याचा कुणाला त्रास नसतो. दोरी अडकते, माणूस “चुकलं हो मावशी” म्हणतो, दोरी गळून पडते आणि आपण पुढे जातो. सगळ्यात जास्त वेळ अडकलेली दोरी मी पाहिली ती दीड दिवसाची, आणि तीही धरणाऱ्याचं मौनव्रत होतं म्हणून. माझी चौदा दिवस अडकली. कारण माझी दोरी गजाननराव तळेकरांच्या हातात होती.

मी द्वारका कासार. तीस वर्षं बांगड्यांची टोपली घेऊन बुधवारचा बाजार करते. तळेकर म्हणजे कापडदुकानाचे मालक, वर व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्यांचा कप्तान नावाचा कुत्रा आहे, वासराएवढा. कुत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो गरीब जीव आहे. पण तळेकरांनी कुठूनतरी ती खटक्याची दोरी आणली होती, कुत्रा जाईल तितकी सुटत जाणारी. चार तारखेच्या बुधवारी तळेकर चहाच्या टपरीवर फोनवर बोलत उभे, कप्तान पंधरा हात लांब शेवेच्या पाटीशी, आणि मधून अख्खा बाजार चाललेला. मी पडले. गुडघा सोलला. टोपलीतल्या सात डझन बांगड्या गेल्या. आमच्यात बांगड्या फुटल्या म्हणत नाहीत, वाढल्या म्हणतात. त्या दिवशी मी सगळ्या बाजारात ओरडून म्हटलं, फुटल्या! वाढायला काय त्या आपणहून गेल्या होत्या?

तळेकर फोन न ठेवता म्हणाले, “एवढं मोठं कुत्रं दिसत नाही का बाई?”

“कुत्रं दिसलं की! कुत्रं तिथं, तुम्ही इथं. मधली दोरी कुणाच्या बापाला दिसणार?”

लोक म्हणाले, शेठ, म्हणून टाका. शेठ म्हणाले नाहीत. मग आम्ही तिघं, मी, तळेकर आणि कप्तान, नोंद करायला नगरपरिषदेत गेलो.

तिथे खैरनार भाऊसाहेब नावाचे कारकून आहेत. त्यांनी अडकल्याचं रजिस्टर काढलं.

“पाय डावा की उजवा?”

“डावा.”

“कुत्र्याचा हेतू?”

“त्याचा माझ्याशी काही हेतू नव्हता. समोर शेव होती.”

त्यांनी लिहिलं, हेतू : शेव. मग त्यांनी तळेकरांना समजावलं, की साहेब, टपरीपाशी परत जा, दोन शब्द बोला, पाच मिनिटांचं काम आहे.

तळेकर लाल झाले. “भर बाजारात? एका बांगडीवालीपुढे? मी काय हातात बांगड्या भरल्यात?”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. माझं डोकंच फिरलं.

“शेठ, तीस वर्षं मी या गावाचे हात भरतेय. तुमच्या आईचे भरले, बायकोचे भरते. काच गाठीवरून उतरताना हाड दबतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी बाई हात मागे घेत नाही. तुमच्यात तेवढा दम असता तर आत्तापर्यंत तोंडातून एक शब्द निघाला असता.”

“हे नोंदवायचं का?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“ठळक अक्षरांत,” मी म्हटलं.

मग त्यांनी नियम वाचून दाखवले. दोरीची वेळ कार्यालयाची, सकाळी दहा ते पावणेसहा. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. बाकीच्या वेळेत दोरी आपोआप सुटते आणि दहाच्या ठोक्याला पुन्हा पायात येते. विषम तारखांना दोघांनी माझ्या कामाला जायचं, सम तारखांना तळेकरांच्या. आणि ज्याला हे चालवायचं नसेल त्याच्यासाठी नमुना ब. अडकलेल्याने “मीच पाहून चालले नाही” असं लिहून सही केली, की दोरी त्याच क्षणी सुटते.

“आण तो नमुना,” तळेकर म्हणाले, “बाई करतील सही.”

“बाई अंगठासुद्धा देणार नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाच तारीख, म्हणजे माझी. तळेकर आलेच नाहीत. दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या बोळाच्या तोंडाशी धूळ दिसली. कप्तान पुढे, मागे तळेकर एका चपलेनिशी घसरत येत होते. दोरीने ओढत आणलं होतं. तेव्हापासून वेळेवर यायला लागले. मी दारोदार फिरायची आणि ते मागून चालायचे. कुणाच्या ओसरीवर बाया हात पुढे करून बसल्या की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. अकरा तारखेच्या बाजारात तर ते स्वतःच दोनदा दुसऱ्यांच्या दोऱ्यांत अडकून पडले. समोरच्यांनी लगेच “चुकलं शेठ” म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू तो त्यांचा हक्कच होता.

सम तारखांना मी त्यांच्या दुकानात गादीच्या कडेला बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, ह्या कोण? ते म्हणायचे, आहेत एक. पहिल्या आठवड्यातच निरोप आला, की मंडईच्या नव्या शेडमध्ये तुम्हाला ओटा देतो, छपराखाली, सही करा. मी म्हटलं, उन्हात बसायची मला सवय आहे.

एकदा त्यांच्या मालतीवहिनींनी मला दुकानामागच्या घरात नेलं. दोरी दारातून लांबत आली. वहिनींनी हात पुढे केला, मी चार चार बांगड्या भरल्या. त्या हळूच म्हणाल्या, “चौतीस वर्षं झाली लग्नाला. तो शब्द मी अजून ऐकलेला नाही. तुम्हाला ऐकायला मिळाला तर मला बोलवाल?”

“बोलवीन की,” मी म्हटलं.

हे सगळं मी हसत खेळत निभावलं असतं. पण एकोणीस तारखेला माझ्या रोहिणीचं लग्न होतं. एकुलती एक पोर. आमच्या कासारांत लेकीचा हिरवा चुडा आईच भरते, लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात, उन्हं चढल्यावर आणि उन्हं कलायच्या आत. त्याआधी किंवा नंतर नवरीच्या हातात काच जात नाही. जगाच्या लेकींचे चुडे मी भरले, माझ्या लेकीचा भरायचा म्हणून वर्षभर एकेक बांगडी निवडून ठेवली होती. आणि आदला दिवस म्हणजे अठरा, बुधवार. सम तारीख.

मी तळेकरांना म्हटलं, “तेवढा एक दिवस माझ्या मांडवात चला.”

ते म्हणाले, “बुधवारी मी टपरीवर असतो, सगळ्यांना माहीत आहे. नमुना ब वर सही करा आणि जा की लेकीकडे. मी कुठे अडवलंय?”

त्या संध्याकाळी पावणेसहाला दोरी सुटली आणि मी घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू? आमचे मालक आचाऱ्याशी बोलत होते, ते तसेच उठून आले. रोहिणी म्हणाली, “आई, दे ना लिहून. एक कागद तर आहे.”

“कागद आहे गं. पण त्यावर लिहायचं आहे की चूक माझी. उद्यापासून प्रत्येक दोरीवाला कुत्रं मोकळं सोडील, आणि पडलेल्याला म्हणेल, द्वारकाबाईंनी लिहून दिलं, तुम्ही पण द्या. आणि परवा तू सासरी जाशील. दुसऱ्याने केलेलं तुझ्या माथी मारलं, तर तूही सही करशील?”

पोरीने चुड्याच्या बांगड्या उचलून टोपलीत ठेवल्या. मग म्हणाली, “नाही करणार. तू टपरीपाशीच थांब. मी तिथे येते.”

बुधवारी अकराच्या सुमाराला वाजंत्री लावून माझी लेक बाजारात आली. मागे पंधरा-वीस बाया. चहाच्या टपरीपुढे, जिथे मी पडले होते तिथेच त्यांनी जाजम अंथरलं, पाट मांडला. भाऊसाहेब धावत आले. “रस्त्यात जाजम? परवानगी?”

रोहिणी म्हणाली, “भाऊसाहेब, आम्ही रस्त्यात बसलेलो नाही. आम्ही दोरीच्या टोकाला बसलोय. दोरी तुमच्या रजिस्टरात आहे.”

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून पाहिलं आणि ते म्हणाले, “बरोबर आहे.” मग तेही कडेला बसले. मी एका बाईला पाठवून मालतीवहिनींना बोलावणं धाडलं. त्या आल्या आणि जाजमाच्या कोपऱ्यावर टेकल्या.

तळेकर टपरीवर कप घेऊन उभे होते, आमच्याकडे पाठ करून. कप्तानची दोरी मोकळीच, माझ्या पायाला वेढा घालून पुढे शेवेकडे गेलेली. मी रोहिणीचा हात मांडीवर घेतला. एका हातात अकरा, एका हातात दहा भरायच्या. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी गाठीवर आली आणि कप्तानने शेवेकडे झेप घेतली. माझा पाय ओढला गेला, हात हिसकला आणि बांगडी तिच्या हातावरच फुटली.

बायांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. चुड्याची काच जाणं म्हणजे केवढा अपशकुन! वाजंत्रीवाला थांबला. रोहिणीच्या अंगठ्याखालून रक्ताचा थेंब निघाला. तिचे डोळे भरले, पण हात जिथे होता तिथेच राहिला. ती म्हणाली, “आई, पुढची घे.”

मी वळून पाहिलं. तळेकर त्या हाताकडे बघत होते. कप तसाच धरलेला, चहा बोटांवर सांडत होता. “भाजलं ना तुम्हाला,” टपरीवाला म्हणाला, तरी त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी कप ठेवला. खटका दाबून दोरी गुंडाळत गुंडाळत ते जाजमापर्यंत आले. हातभर दोरी ठेवली, उरलेली मुठीला वेढली आणि कप्तानला गुडघ्याशी दाबून बसवलं. धोतर सावरून स्वतः धुळीत बसले, माझ्या पावलापाशी. मी चौथी घेतली.

बाजार तुंबत चालला होता. हातगाडी आली, तळेकर म्हणाले, “कडेने, कडेने.” एक पोरगी कप्तानला हात लावायला वाकली, त्यांनी त्याचा गळपट्टा दुसऱ्या हाताने धरला. कप्तानने एकदाही ओढलं नाही. एवढीच तर गोष्ट होती. चौदा दिवसांपूर्वी हातभर दोरी धरली असती तर माझा गुडघा शाबूत राहिला असता. माझा राग काही उतरला नव्हता, सांगून ठेवते. पण हात चालत होता.

अकरा झाल्या. दुसऱ्या हातात नऊ झाल्या. तेवढ्यात माझ्या पायापाशी, कप्तानच्या पाठीवर बोलल्यासारखं कुणीतरी म्हणालं, “माझं चुकलं.”

दोरी घोट्यावरून गळाली. मला कळलं, कप्तानला कळलं. मी पाय हलवला नाही. दोरीचं समाधान झालं असेल, ती थोडक्यात खूश होते. माझं झालं नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच मालतीवहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, “ऐकू नाही आलं.”

 तळेकरांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी नजर खाली घातली नाही. चौतीस वर्षांनी एवढं तर व्हायचंच.

तळेकर उठले, धुळीने माखलेले. बाजाराकडे तोंड केलं आणि दुकानात माल सांगतात त्या आवाजात म्हणाले, “द्वारकाबाई, माझं चुकलं! दोरी मी सैल सोडली होती. तुम्ही नीट चालत होतात.”

शेववाल्याचा झारा कढईत तसाच राहिला. मला वाटलं होतं, त्या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. वाटलंही. गुडघ्यापासून वर डोक्यापर्यंत वाटलं.

भाऊसाहेब रजिस्टर घेऊन पुढे आले. “दोरी सुटली, असं लिहू?”

“लिहा.”

“वेळ?”

“उन्हं कलायच्या आत,” मी म्हटलं. “आता बाजूला व्हा, अजून एक बांगडी राहिलीय.”

तळेकर जायला मोकळे होते. हात मोकळा, नियम संपलेला. त्यांनी बाजाराची गर्दी पाहिली, रोहिणीचा हात पाहिला, आणि परत खाली बसले. दोरी मुठीला गुंडाळली आणि कप्तानला गुडघ्याशी घेतलं.

“भरा,” ते म्हणाले. “मी धरलंय.”

मी शेवटची बांगडी उचलली आणि लेकीला म्हटलं, “हात सैल सोड.”