मेव्हण्याचे आतडे

हेडक्लार्कांना शौचावाटे रक्त जाते, ही बाब तीन महिने विचाराधीन होती. अखेर बायकोने हाताला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर बसवले.

"मोठ्या आतड्यात पॉलिप असेल. म्हणजे आतून फुटलेला कोंब," बाई म्हणाल्या. "दुर्बिणीने बघू, दिसला तर तिथंच काढू. तसाच ठेवलात, तर त्याचाच पुढं कॅन्सर होऊ शकतो. दोन दिवस रजा टाका. एक पोट साफ करायला, एक तपासणीला."

रजेच्या अर्जात 'कारण' हा रकाना होता. 'पोटाची तक्रार' एवढ्यावर भागवणाऱ्या कित्येकांचे अर्ज हेडक्लार्कांनीच 'अवयव नमूद करावा' असा शेरा मारून परत धाडले होते. आता स्वतःचे पेन अडले. अर्ज टपालाच्या बाईंपासून साहेबांपर्यंत सात जण वाचणार! त्यापेक्षा मेलेले बरे, असे वाटून त्यांनी लिहिले : 'मेव्हण्याच्या आतड्याची तपासणी. सोबत जाणे.'

साहेबांनी लिहिले : 'रजा मंजूर. मेव्हण्याचा अहवाल जोडावा.'

"अहो भाऊजी, मला काहीही झालेलं नाही!" मेव्हणा किंचाळला.

"मग घाबरतोस कशाला? खोटं लिहिल्याचं उघड झालं तर माझी नोकरी जाईल. निदान तुझ्या ताईकडे बघ."

मेव्हणा भिडेला बळी पडला. दिवसभर रेचक पिऊन त्याने संडासातच मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली आणि खरोखरच दोन कोंब निघाले. बाईंनी ते तिथल्या तिथे काढले. "वेळेत आलात हो," त्या त्याला म्हणाल्या. हेडक्लार्क बाहेर बाकावर त्याची पँट सांभाळत बसले होते.

"आलोच आहोत तर आत जाऊन तुमचीही तारीख घ्या ना," बायको काकुळतीला आली.

"माझी रजा सोबत येण्यापुरती आहे. आत गेलो तर मंजूर कारणाचा भंग होईल."

तिला तिथेच रडू फुटले.

अहवाल जोडला गेला, प्रकरण निकाली निघाले. मेव्हणा ठणठणीत आहे. हेडक्लार्कांचे रक्त अजून जातेच आहे. "मूळव्याध असेल," ते म्हणतात, "बैठं काम ना!"

हसू नका. तुम्हीही हेच म्हणत आला आहात, आणि तुमच्याकडे तर कुणी अर्जही मागितलेला नाही.